काचबिंदूच्या रिपोर्टमध्ये आकडा वाढला, म्हणजे डोळा सुधारला का?

(ऐकायला वेळ नसेल तर हा अख्खा भाग इथे वाचता येईल. बोलतानाचे अडखळणे तेवढे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावलेत? आवाज बेताचा ठेवा, आज डोळ्यांबद्दल बोलायचंय, कान बिघडवू नका.

आजचा प्रश्न तसा छोटा आहे. घरात कुणाला तरी काचबिंदू आहे. आई, बाबा, आजी, काका, कुणीही. वर्षातून एकदा-दोनदा डोळ्यांचं स्कॅन होतं. रिपोर्टवर रंगीत गोल असतात, आकडे असतात. मागच्या वेळी लाल किंवा पिवळा असलेला तुकडा या वेळी हिरवा झालाय आणि आकडा वाढलाय. घरात आनंदीआनंद. डोळा सुधारला! आता ड्रॉप बंद करायचे का?

उत्तर आधीच सांगून टाकते, कारण निम्मे लोक पाच मिनिटांनी दुसऱ्या ॲपवर जातात हे मला माहीत आहे. नाही. ड्रॉप बंद करायचे नाहीत. काचबिंदूत हा आकडा अचानक बराच वाढला तर तो का वाढला हे आधी विचारायचं, पेढे नंतर. कारण कधी कधी तो वाढतो तो डोळ्याच्या पडद्याचे थर एकमेकांपासून सुटल्यामुळे आणि मधे पाणी शिरल्यामुळे. आजचा भाग त्याबद्दल.

मी डॉक्टर नाही. हा विषय मी समजून घेतला तो घरातल्या एका फाईलमुळे. ती गोष्ट पुढे येईलच. आधी पाया पक्का करू.

आधी काचबिंदू म्हणजे काय

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत खूप जणांचा गोंधळ होतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ऑपरेशन करून नवीन भिंग बसवलं की बहुतेकांना पुन्हा स्वच्छ दिसायला लागतं. काचबिंदूत भिंगाचा दोष नसतो. तिथे खराब होते ती डोळ्याची नस, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी वायर. आणि ती एकदा गेली की परत येत नाही. बसवायला नवीन नस बाजारात मिळत नाही.

आपल्या प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावर दहा-बारा लाख बारीक तंतू पसरलेले असतात. पडदा म्हणजे रेटिना, हे लक्षात ठेवा, हा शब्द सारखा येणार आहे. जुन्या चाळीत प्रत्येक खोलीतली वायर शेवटी जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत येते ना, तसे हे सगळे तंतू पडद्यावरून धावत एका गोल जागी जमतात. त्या गोलाला डॉक्टर डिस्क म्हणतात. तिथे हे तंतू वळतात, एका चाळणीसारख्या जाळीतून मागे जातात आणि त्यांची नस होते.

काचबिंदूत या चाळणीपाशीच तंतूंवर ताण येतो आणि ते हळूहळू मरतात. डोळ्यातलं प्रेशर वाढणं हे त्याचं मोठं कारण. पण काही लोकांत प्रेशर नॉर्मल असूनही हे होतं. तंतू आधी मरतात ते बहुधा कडेच्या नजरेचे. समोरचं स्वच्छ दिसत असतं, मोबाईल वाचता येतो, टीव्हीवरची पट्टी वाचता येते. त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. दुखत नाही, खुपत नाही.

पत्ता लागत नाही म्हणजे किती? २००३ साली तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ज्यांना काचबिंदू सापडला त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना आपल्याला तो आहे हे तोवर ठाऊकच नव्हतं. आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू आहे. या दोन आकड्यांचा एकत्र विचार करा. म्हणजे आपल्या ओळखीत कुणाला ना कुणाला हा आहेच, आणि बहुधा त्यांनाच माहीत नाही.

उपचार कशासाठी? उरलेले तंतू वाचवण्यासाठी. ड्रॉप, लेझर, ऑपरेशन, सगळं प्रेशर खाली आणण्यासाठी असतं. गेलेलं परत आणण्यासाठी यातलं काहीच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. आजच्या भागाचं कुलूप याच किल्लीने उघडणार आहे.

स्कॅन नक्की काय मोजतं

आता स्कॅनकडे येऊ. नाव ओसीटी. हनुवटी टेकवून बसायचं, समोरच्या खुणेकडे बघायचं, काही सेकंदांत काम झालं. सुई नाही, एक्स-रे नाही, फक्त प्रकाश. हे तंत्र १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी जगासमोर आणलं. सोनोग्राफीत जसा आवाज आत पाठवून त्याचा प्रतिध्वनी पकडतात, तसा इथे प्रकाश पाठवून परत आलेला प्रकाश पकडतात. त्यावरून पडद्याचा उभा काप दिसतो. केक कापल्यावर कडेने थर दिसतात तसा. अख्खा पडदाच पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, आणि त्यातले वेगवेगळे थर हे मशीन वेगळे दाखवतं. आताची मशीनं सुमारे ५ मायक्रॉनपर्यंतचा बारकावा टिपतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

काचबिंदूसाठी मशीन डिस्कभोवती सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाचं एक वर्तुळ घेतं. त्या वर्तुळावर तंतूंचा थर किती जाड आहे हे मोजतं. निरोगी प्रौढ डोळ्यात सरासरी साधारण ९० ते १०० मायक्रॉन. तंतू मेले की थर पातळ होतो आणि आकडा उतरतो. साधं आहे.

मग तुमचा आकडा तुमच्याच वयाच्या निरोगी लोकांच्या आकड्यांशी ताडून बघतात. त्यांच्यातल्या बहुसंख्यांसारखा असेल तर हिरवा. सगळ्यात पातळ ५ टक्क्यांत असेल तर पिवळा. सगळ्यात पातळ १ टक्क्यात असेल तर लाल. काही मशीनं सगळ्यात जाड ५ टक्क्यांना पांढरा रंग देतात.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मशीन तंतू मोजत नाही. मशीन दोन रेघा मारतं. एक थराच्या वरच्या काठावर, एक खालच्या काठावर. आणि दोन रेघांमधलं अंतर मोजतं. मधे काय भरलंय हे त्या आकड्याला कळत नाही. मधे तंतू असोत, सूज असो की पाणी असो, अंतर ते अंतर.

प्लायवूड फुगतं तसं

तुमच्या किचनमध्ये सिंकखालचं कपाट आहे? पाइप गळायला लागला की त्याच्या प्लायवूडचं काय होतं? कडेने पाणी शिरतं, चिकटवलेले थर सुटतात, आणि प्लाय फुगतो. १८ मिलिमीटरचा प्लाय मोजपट्टी लावली तर २२-२३ भरेल. म्हणून तो जास्त मजबूत झाला असं कुणी म्हणेल का? सुतार म्हणेल, फळी गेली.

काचबिंदूच्या काही रुग्णांत डिस्कच्या शेजारी पडद्याचं असंच होतं. थर एकमेकांपासून सुटतात, मधे द्रव भरलेल्या पोकळ्या तयार होतात. कापात बघितलं तर दोन थरांच्या मधे काळसर जागा दिसते, आणि त्या जागेतून वर-खाली बारीक दोरे ताणल्यासारखे दिसतात. ताणलेल्या चीजसारखे म्हणा, पिझ्झाचा तुकडा उचलल्यावर असतात तसे. रिपोर्टवर याला पेरिपॅपिलरी रेटिनोस्किसिस असं लांबलचक नाव असतं. घाबरू नका, फोड करू. पेरिपॅपिलरी म्हणजे डिस्कच्या आजूबाजूचं. रेटिना म्हणजे पडदा. स्किसिस म्हणजे दुभंगणं. डिस्कशेजारचा पडदा थरांत दुभंगलाय, एवढंच.

हे काचबिंदूच्या प्रत्येक रुग्णाला होत नाही. शंभर रुग्णांत अगदी मोजक्यांना. पण होतं तेव्हा अनेकदा नेमकं कुठे होतं? जिथे तंतूंचं आधीच नुकसान झालंय, त्याच पट्ट्यात. म्हणजे जिथे आकडा कमी यायला हवा, तिथेच पाणी शिरून तो वाढतो. दुभंग तंतूंच्या थरात असेल तर मशीनची खालची रेघ पाण्याच्याही खाली जाते. अंतर वाढतं. लाल तुकडा हिरवा होतो. कागदावर डोळा सुधारतो, डोळ्यात काहीच सुधारलेलं नसतं.

कधी कधी दुभंग तंतूंच्या खालच्या, आणखी खोल थरात असतो. तेव्हा रेघा बरोबर पडल्या तर आकडा फारसा हलत नाही. म्हणून नुसत्या आकड्यावरून दुभंग आहे की नाही हेही सांगता येत नाही. काप बघावाच लागतो.

मावशीची फाईल

माझी मावशी गेली नऊ वर्षं काचबिंदूचे ड्रॉप टाकते. तिची फाईल माझ्याकडे असते, कारण घरात स्कॅनरचं ॲप मलाच जमतं, असं सर्वानुमते ठरलंय.

तिच्या उजव्या डोळ्यात खालच्या बाजूचा तुकडा कायम लाल यायचा. मग एका वर्षी तो हिरवा आला. ७८ वरून थेट ११२. मावशी रिक्षातच म्हणाली, “अगं, हिरवं आलं ना? मग आता या बाटल्या कशाला? दर महिन्याला किती पैसे जातात, आणि टाकल्यावर डोळे किती झोंबतात ते मला विचार.”

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नऊ वर्षं रोज रात्री डोळ्यात जळजळणारं औषध टाकायचं, आणि त्याने ‘बरं वाटतंय’ असं कधीच म्हणायला मिळत नाही. कारण काचबिंदूचं औषध लागू पडलं तर काय होतं? काहीच होत नाही. आहे तेवढं राहतं. अशा माणसाला एक हिरवा तुकडा किती मोठा वाटत असेल!

मी म्हटलं, “मावशी, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटायचंच आहे. तोवर टाक. मग ठरवू.”

डॉक्टरांनी आकड्याकडे क्षणभर बघितलं आणि स्क्रीनवर काप उघडला. राखाडी पट्टे, आणि मधे काळी फट. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली.

“काकू, ही जाडी नसेची नाही, पाण्याची आहे. नस होती तेवढीच आहे.”

मावशी म्हणाली, “म्हणजे सुधारलं नाही?”

“सुधारत नसतं, काकू. बिघडू द्यायचं नसतं. ड्रॉप चालू ठेवा, चार महिन्यांनी परत बघू.”

प्रेशर तपासलं, फील्ड टेस्ट केली. तीच ती, समोर लुकलुकणारा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मागच्या वेळेसारखीच आली. औषध बदललं नाही.

पुढची गंमत ऐका. साधारण वर्षाने पुन्हा स्कॅन झालं. खालचा तुकडा पुन्हा लाल. ११२ वरून ७५. आता मावशी घाबरली. “ड्रॉप एकही चुकवला नाही, तरी एवढं कमी झालं?” कागद बघून कुणालाही असंच वाटेल. एका वर्षात ३७ मायक्रॉन गेले! पण काप उघडला तर फट बुजलेली. पाणी ओसरलं होतं, म्हणून आकडा खाली आला होता. खरी तुलना ११२ शी नाही, दुभंग पडण्याआधीच्या ७८ शी करायची. ७८ आणि ७५. एवढा फरक तर दोन दिवसांत दोनदा स्कॅन केलं तरी येऊ शकतो. फील्ड टेस्टही तशीच होती.

म्हणजे बघा, एकाच गोष्टीने दोनदा फसवलं. आधी खोटा आनंद, मग खोटी भीती. पहिल्या वेळी ड्रॉप बंद झाले असते तर प्रेशर वाढून उरलेली नस गेली असती. दुसऱ्या वेळी कुणी फक्त आकडा बघितला असता, तर आजार झपाट्याने वाढतोय असं समजून गरज नसताना औषधं वाढवली असती, कदाचित ऑपरेशनचीही चर्चा झाली असती.

हे होतं कशामुळे

पडद्याचे थर एकमेकांना धरून कसे राहतात? त्यांत वरपासून खालपर्यंत उभ्या पसरलेल्या आधाराच्या पेशी असतात, म्युलर पेशी. हाइनरिश म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचं नाव त्यांना मिळालंय. मंडपाच्या खांबांसारखं त्यांचं काम. कापात जे चीजचे दोरे दिसतात म्हटलं ना, ते बहुधा याच ताणल्या गेलेल्या पेशी.

काचबिंदूत डिस्क मागे दबत जाते, खोलगट होते. तिच्या कडेचे तंतू कमी होतात, पडदा ओढला जातो. त्यात डोळ्याच्या आत भरलेला जेलीसारखा काचद्रव वय वाढेल तसा आक्रसतो, आणि काही जणांत पडद्याला चिकटून त्याला वरच्या बाजूने ओढतो. अशा दोन्हीकडच्या ओढाताणीत थर सुटतात. पाणी कुठून येतं? एक शक्यता अशी की खराब झालेल्या ऊतीतल्या बारीक भोकांतून काचद्रवातलं पाणी आत झिरपतं. दुसरी अशी की डिस्कमागची चाळणी जिथे फाटलेली असते तिथून ते येतं. काही रुग्णांत अशा चाळणीच्या फटी स्कॅनवर दिसल्याही आहेत. यातलं नेमकं कुठलं कारण मुख्य, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. बहुधा सगळ्यांना एकच कारण लागू होत नाही.

असा दुभंग पडलेल्यांचा काचबिंदू जास्त वेगाने वाढतो का? यावरही अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत संबंध दिसला, काहींत नाही. म्हणून व्यवहारात डॉक्टर एवढंच करतात: अशा डोळ्यावर जरा बारीक लक्ष ठेवतात आणि प्रेशर पुरेसं खाली आहे ना, हे पुन्हा एकदा तपासतात.

पडदा निसटला का?

‘पडद्याचे थर सुटले’ असं ऐकलं की घरात लगेच रडारड सुरू होते. शेजारच्या काकांचा पडदा निसटला होता, त्यांचं तातडीने ऑपरेशन झालं, तसंच का हे?

नाही. पुन्हा प्लायवूड घ्या. पडदा निसटणं म्हणजे अख्खी फळी भिंतीपासून सुटणं. तिथे पडद्याचा खालच्या रक्तपुरवठ्याशी संबंध तुटतो, ते तातडीचं काम असतं. आपण बोलतोय ते फळी भिंतीला लागलेलीच आहे, पण तिचेच थर आतल्या आत सुटलेत याबद्दल. दोन्ही वेगळे.

डिस्कशेजारच्या दुभंगाने माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. ना अंधुक, ना दुखणं. तो सापडतो स्कॅनवरच. म्हणूनच गेल्या दोन दशकांत, मशीनं बारीक झाली तशी, हा जास्त सापडायला लागला.

पण एक जागा नाजूक आहे. पडद्याचा मधला भाग, मॅक्युला. आपण वाचतो, चेहरे ओळखतो ते त्याच्या जोरावर. दुभंगातलं पाणी तिथपर्यंत पसरलं तर नजर अंधुक होते, सरळ रेघा वाकड्या दिसतात. भिंतीवरच्या टाइल्सच्या रेघा, दाराची चौकट, वहीच्या ओळी लाटांसारख्या दिसल्या तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. आणि अचानक विजा चमकल्यासारख्या दिसल्या, डोळ्यासमोर काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा कडेने पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात. ती लक्षणं पडदा निसटण्याची आहेत.

मग उपचार काय?

डिस्कपुरता मर्यादित दुभंग असेल तर त्यासाठी वेगळं काही करत नाहीत. लक्ष ठेवतात. अनेकदा तो काही महिन्यांत आपोआप ओसरतो. कधी परत येतो. काहींचं प्रेशर आणखी खाली आणल्यावर तो ओसरल्याचंही दिसलंय. पाणी मॅक्युलापर्यंत गेलं आणि नजर उतरायला लागली तर मात्र पडद्याच्या तज्ज्ञांकडे पाठवतात, आणि गरज पडली तर काचद्रव काढण्याचं ऑपरेशन करतात. ही वेळ फार थोड्यांवर येते.

काचबिंदूचा उपचार मात्र या सगळ्यात थांबत नाही. तो चालूच.

आकडा वाढला की दरवेळी पाणीच का?

नाही. घाईघाईने निदान करू नका, विशेषतः माझ्या भरवशावर. आकडा वाढायची कारणं बरीच असतात.

दोन-चार मायक्रॉन इकडे-तिकडे म्हणजे काहीच नाही. त्याच डोळ्याचं दोनदा स्कॅन केलं तरी एवढा फरक पडतो.

स्कॅनचा दर्जा बघा. रिपोर्टवर सिग्नलचा एक आकडा असतो, बऱ्याच मशीनवर दहापैकी. तो सहाच्या खाली असेल तर बाकीच्या आकड्यांवर फार विसंबता येत नाही. मोतीबिंदू असेल, डोळा कोरडा असेल, पापणी मधे आली असेल तर सिग्नल पडतो.

मशीनने रेघाच चुकीच्या मारल्या असतील. डोळ्यातला काचद्रव पडद्याला चिकटून ओढत असेल. पडद्यावर पातळ पापुद्रा आला असेल. नसेला सूज असेल, आणि तिची कारणं वेगळी शोधावी लागतात.

आणि सगळ्यात साधं कारण: मागचं स्कॅन एका कंपनीच्या मशीनवर, आताचं दुसऱ्या. दोन वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. दोन दुकानांच्या काट्यांवरचं वजन जसं.

या यादीत ‘मेलेले तंतू परत उगवले’ हे कारण नाही, हे लक्षात आलं का? मघाची किल्ली आठवा. गेलेलं परत येत नाही. म्हणून वाढलेल्या आकड्याला नेहमी दुसरं काहीतरी कारण असतं.

घरातल्या रिपोर्टवाल्या मुलांनी काय करायचं

प्रत्येक घरात एक जण असतो किंवा असते, जिच्या फोनमध्ये सगळ्यांचे रिपोर्ट असतात. हे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तेच आहेत. तर तुमच्यासाठी:

एक. रिपोर्टचा अर्धवट फोटो काढू नका. फक्त रंगीत गोलाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर डॉक्टरांच्या तो फारसा उपयोगाचा नाही. सगळी पानं, ज्यावर राखाडी काप आहेत तीही, सरळ आणि स्वच्छ स्कॅन करा. जिथे तपासणी झाली तिथे पीडीएफ मागा, बऱ्याच ठिकाणी देतात.

दोन. फाईलला तारीख आणि मशीनचं नाव द्या. पुढचं स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करा.

तीन. आकडा बराच वाढला किंवा बराच घटला, दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारा: “डॉक्टर, काप बघून सांगता का, थरांत पाणी किंवा ओढ आहे का?” डॉक्टरांना यात राग येण्यासारखं काही नाही. उलट पाच वर्षांचे कागद ओळीने लावून समोर ठेवलेत तर त्यांचं काम सोपं होतं.

चार. एकट्या स्कॅनवर निर्णय नाही. प्रेशर, फील्ड टेस्ट, डॉक्टरांनी प्रत्यक्ष बघितलेली नस आणि स्कॅन, असं चौघांचं मत एकत्र घ्यायचं असतं.

पाच. ड्रॉप बंद करायचे तर डॉक्टरांनीच. मी नाही, तुम्ही नाही, केमिस्ट नाही, आणि हिरवा रंग तर अजिबात नाही. खर्च झेपत नसेल किंवा डोळे फार झोंबत असतील तर तेच स्पष्ट सांगा. स्वस्त पर्याय असतात, बिना-प्रिझर्व्हेटिव्ह ड्रॉप असतात, काहींना लेझर चालतं. गुपचूप बंद करणं हा मात्र पर्याय नाही. प्रेशर वाढलेलं कळत नाही हो, तीच तर या आजाराची खोड आहे.

आणि सहावी गोष्ट तुमच्या स्वतःसाठी. आई, बाबा, सख्खा भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर तुमचा धोका इतरांपेक्षा कित्येक पट जास्त असतो. चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी म्हणजे काचबिंदूची तपासणी नव्हे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन सांगायचं, “घरात काचबिंदू आहे, माझं प्रेशर आणि नस बघा.” अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं. पहिली तपासणी पंचविशीत झाली तरी चालेल. तेव्हाचा आकडा पुढे आयुष्यभर तुलनेला उपयोगी पडतो, आणि आज आपण बघितलंच की कशाशी तुलना करायची हे माहीत असणं किती महत्त्वाचं असतं.

मावशी अजून ड्रॉप टाकते. रात्री साडेनऊला, बातम्या संपल्या की. गेल्या महिन्यात मी माझीही तपासणी करून घेतली. पीडीएफ त्याच फोल्डरमध्ये ठेवलंय.

तर मंडळी, घरात काचबिंदूची फाईल असेल तर हा भाग फॅमिली ग्रुपवर टाका. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, फक्त रिपोर्ट पाठवून “हे काय आहे सांगा” असं म्हणू नका. ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं. पुढच्या भागात चष्म्याच्या नंबराबद्दल बोलू, त्यावर तुमचे खूप मेसेज आलेत. तोवर काळजी घ्या. भेटूच!